जर्सी ओढली की दिसेल अशी जर्सी शिवता येईल का?

उजवी_कड (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. नोकरी सांभाळून, सकाळी साडेसहा ते आठ. गेल्या रविवारी आमची मॅच होती. आमचा उजव्या कडेने खेळणारा मुलगा वाऱ्यासारखा पळतो. समोरच्या बॅकला (बचावपटूला) हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि त्यानंतर मॅच संपेपर्यंत त्या बॅकचा एक हात आमच्या मुलाच्या जर्सीवरच होता. कधी कमरेपाशी, कधी बाहीला, एकदा तर थेट गळ्याला.

मॅच संपल्यावर पोरगं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं तेव्हा जर्सीचा गळा खांद्यावर लोंबत होता, बगलेखालची शिवण उसवली होती आणि मानेवर लाल वळ उठला होता. अख्ख्या मॅचमध्ये फाउल मिळाले दोन. मी त्याला विचारलं, अरे, तुला धरल्यावर थांबत का होतास, जोर लावून निघून का जात नव्हतास? तो म्हणाला, "सर, जर्सी फाटेल म्हणून थांबत होतो. आई म्हणाली होती, यंदा दुसरी घेणार नाही."

तेव्हापासून डोक्यातून हे जात नाहीये. फाउल त्याच्यावर होतोय आणि जर्सीची काळजीही तोच करतोय.

नव्या मोसमासाठी अठरा जर्सी शिवून घ्यायच्या आहेत. सध्याच्या नेहमीच्या डॉट निटच्या आहेत, गडद निळ्या, मुलं वर्षभरात वाढतात म्हणून एक माप मोठ्या. मला विचारायचंय ते असं: कापड, माप, शिवण, रंग यांत काही बदल करून ही ओढाओढी कमी करता येते का? मोठ्या कंपन्यांनी असं काही करून पाहिलंय का? नियमात काय बसतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.


इटालियाप्रेमी · सोमवार, रात्री १०.१५

करून पाहिलंय, आणि ते करणारे इटालियन होते, हे मला फार आवडतं.

युरो २००० साठी तुरीनच्या काप्पा कंपनीने इटलीला 'कोंबाट' नावाची जर्सी दिली. त्याआधीची नव्वदच्या दशकातली जर्सी आठवा: कोपरापर्यंत बाह्या, ढगळ अंग, वारा शिरला की शीड. आणि एकदम ही अंगाला चिकटलेली, ताणली जाणारी निळी जर्सी. मी तेव्हा बारावीत होतो. पहिल्यांदा टीव्हीवर पाहिली तेव्हा वाटलं, यांनी मापं चुकवली की काय.

त्यामागचा विचार दुहेरी होता. जर्सी अंगासरशी असली की चिमटीत कापड येत नाही. आणि आलंच, तर ते इतकं ताणलं जातं की पंचाला लांबून दिसावं. इटली त्या स्पर्धेत फायनलपर्यंत गेली, तिथे त्रेझेगेच्या गोल्डन गोलवर (जादा वेळेत पहिला गोल झाला की मॅच संपली) फ्रान्सने २-१ हरवलं. पुढच्या २०००-०१ च्या मोसमात रोमा क्लबने काप्पाची तशीच जर्सी घालून सेरी आ, म्हणजे इटलीची लीग, जिंकली. तोत्ती आणि बातिस्तुता त्या जर्सीत अजून डोळ्यांसमोर येतात.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण मला ती जर्सी कितीही आवडत असली तरी खरं ते खरं. त्याच युरोत ॲमस्टरडॅमला २९ जूनला सेमीफायनल झाली, नेदरलँड्सविरुद्ध. पहिल्या हाफमध्ये पंच मार्कुस मेर्क यांनी नेदरलँड्सला पेनल्टी दिली. कशासाठी? इटलीच्या नेस्ताने क्लायव्हर्टची जर्सी ओढली म्हणून. गोलकीपर टोल्डोने फ्रांक डी बुरची ती पेनल्टी अडवली म्हणून इटली वाचली. म्हणजे जगातली सर्वांत 'न ओढता येणारी' जर्सी अंगात होती, पण हात मोकळेच होते.


शिट्टी · मंगळवार, सकाळी ७.०५

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे नियमाचं मी सांगतो.

१. फुटबॉलच्या नियम १२ मध्ये धरणं हा डायरेक्ट फ्री किकचा फाउल आहे. आपल्या डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत) केलं तर पेनल्टी. धरणं म्हणजे काय, तेही लिहिलेलं आहे: समोरच्याच्या शरीराला किंवा पोशाखाला हात लागून त्याच्या हालचालीला अडथळा झाला पाहिजे. नुसता हात लागला म्हणजे फाउल नाही.

२. डीच्या बाहेर धरायला सुरुवात केली आणि डीच्या आत जाईपर्यंत धरूनच ठेवलं, तर पेनल्टी. हे बऱ्याच कोचना ठाऊक नसतं.

३. चांगली चाल थांबवायला धरलं तर यलो. स्पष्ट गोलची संधी धरून हिरावली तर रेड, डीमध्येसुद्धा. २०१६ पासून डीमध्ये बॉलसाठी प्रयत्न करताना फाउल झाला तर रेडऐवजी यलोची सवलत आहे, पण धरणं, ओढणं, ढकलणं याला ती सवलत नाही. कारण उघड आहे, जर्सी ओढणारा बॉल खेळतच नसतो.

मग आम्ही देत का नाही? एका मॅचला तीन पंच, आणि लहान मुलांच्या मॅचला पुष्कळदा मी एकटा. बॅक हुशार असेल तर माझ्या विरुद्ध बाजूच्या हाताने धरतो. माझ्या आणि त्या हाताच्या मध्ये दोन शरीरं असतात. गडद निळी, एकरंगी, ढगळ जर्सी पंचवीस-तीस मीटरवरून ओढली गेली की मला फक्त मुलगा मंदावल्यासारखा दिसतो. दमला म्हणून मंदावला की ओढला म्हणून, हे मला त्या क्षणात ठरवायचं असतं. न दिसलेला फाउल मी देऊ शकत नाही. तुमच्या मुलाला दोनच मिळाले याचं वाईट वाटतं.

नियम ४ चं बंधनही लक्षात ठेवा. जर्सीला बाह्या हव्यात, आणि जर्सी व शॉर्ट्स वेगळे हवेत. याची मोठी किंमत कॅमेरूनने मोजली आहे. पूमाने त्यांना २००२ च्या आफ्रिकन कपसाठी बिनबाह्यांची जर्सी दिली होती. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपला फिफाने ती चालू दिली नाही, म्हणून काळ्या बाह्या जोडाव्या लागल्या. २००४ ला ट्युनिशियातल्या आफ्रिकन कपमध्ये ते जर्सी-शॉर्ट्स एकत्र शिवलेला एकसंध पोशाख घालून उतरले. फिफाने २ लाख स्विस फ्रँक दंड केला आणि २००६ च्या वर्ल्ड कप पात्रता फेरीतले ६ गुण कापले. गुण नंतर परत मिळाले, पण पोशाख संपला तो संपलाच.


सुईदोरा · मंगळवार, दुपारी १.३०

माझं भोसरीला स्पोर्ट्स वेअर शिवायचं युनिट आहे. शाळा, कंपन्यांच्या टीम, टर्फवरच्या स्पर्धा, सगळ्यांच्या जर्सी करतो. कामातून वेळ काढून लिहितोय कारण हा विषय माझ्या टेबलवर रोज येतो.

उजवी_कड सर, तुमच्या जर्सीची शिवण बगलेखाली उसवली ते नुसत्या कापडामुळे नाही. डॉट निट म्हणजे निव्वळ पॉलिएस्टर. ते आडवं थोडंफार ताणतं, उभं जवळपास नाहीच. ओढ बसली की कापड देत नाही, मग सगळा जोर दोऱ्यावर जातो. शिवाय साधं ओव्हरलॉक मारलेलं असणार. तिथे फ्लॅटलॉक (सपाट, ताण सोसणारी शिवण) मारा, बगलेत छोटी चौकोनी कळी टाका, निम्मा त्रास तिथेच संपेल. आईला दुसरी घ्यावी लागणार नाही.

लायक्रा मिसळलेलं चारही बाजूंनी ताणणारं कापड घेतलंत तर ओढल्यावर लांबतं आणि सोडल्यावर जागेवर येतं. गळा लोंबत नाही. पण माल महाग पडतो, आणि लायक्रा जपून वागवावा लागतो. २०१६ च्या युरोत स्वित्झर्लंड-फ्रान्स मॅच आठवते का? १९ जून, लील. स्विस खेळाडूंच्या जर्सी एकामागून एक फाटल्या, जाकाच्या तर दोन. पूमाने नंतर सांगितलं की एका खेपेच्या मालात धागा तयार करतानाच खराब झाला होता. आमच्या धंद्यात ती मॅच सगळ्यांनी पाहिली. सब्लिमेशनला (उष्णतेने कापडावर रंग छापायची पद्धत) उष्णता जास्त लागली की हाच प्रकार होतो: वरून कापड सुरेख दिसतं आणि आतला ताण मेलेला असतो.

आणि एक गोष्ट, जी खेळाडूंना कोणी सांगत नाही. जर्सीचं माप मैदानावर ठरत नाही, दुकानात ठरतं. कंपनीला जर्सी विकायची असते ती माझ्यासारख्या पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या चाहत्याला. अंगाला चिकटणारी जर्सी तो घेत नाही. म्हणून आता खेळाडूंची वेगळी, चाहत्यांची वेगळी अशा दोन तऱ्हा निघाल्या. तुम्हाला दुकानात जी मिळते ती चाहत्यांची असते, आणि क्लब तिच्यावरून माप सांगतात.


जुना_स्टॉपर · मंगळवार, रात्री ८.५०

मी अठरा वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, म्हणून खेळलो. कॅम्पात, खडकीत, पुढे कंपनीच्या टीमकडून. जर्सी ओढायचो. त्या काळी कोणी चूक म्हणून सांगितलं नाही, उलट शिकवलं. आता सांगताना बरं वाटत नाही, पण हा धागा मुलांसाठी आहे म्हणून नीट लिहितो. चोर घरात कसा शिरतो ते कळल्याशिवाय कुलूप कुठे लावायचं ते कळत नाही.

मूठ भरून जर्सी धरतो तो कच्चा. तो पकडला जातो. शिकलेला माणूस दोन बोटं वापरतो, तर्जनी आणि मधलं. जर्सीच्या खालच्या काठात, कमरेच्या मागे, बोटं अडकवायची. बॉल हवेत असताना. कारण बॉल हवेत असला की पंच, लाइन्समन, प्रेक्षक, सगळे वर बघतात. ओढायचं नाही, नुसतं अडकवून उभं राहायचं. समोरचा पहिलं पाऊल टाकतो तेव्हा त्याचा तो स्वतःच ताणला जातो. अर्धा सेकंद. उडी मारायच्या आधी सोडून द्यायचं. तो उशिरा उडतो, हेडर माझं होतं आणि लोक म्हणतात, काय टायमिंग आहे याचं.

त्यामुळे माझ्या हिशेबाने बाहेर लोंबणारा काठ हाच खरा दरवाजा आहे. जर्सी आत खोचलेली असली की मला बोटं अडकवायला जागा मिळत नसे. तुमच्या मुलांच्या जर्सी एक माप मोठ्या आहेत म्हणालात. सर, तो तुम्ही समोरच्या बॅकच्या हाती स्वतः दिलेला कासरा आहे.

पण घट्ट जर्सीने ओढणं संपेल असं मानू नका. जर्सी हाताला लागली नाही तर मी कोपर धरायचो. कोपर नाही तर शॉर्ट्सची नाडीकडची बाजू. ती घट्ट असेल तर मनगट. ज्याला धरायचंय त्याला माणूस पुरतो.

आणि दिसल्याने फाउल मिळतोच असंही नाही. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील-इटली मॅचला इटलीच्या जेंतिलेने ब्राझीलच्या झिकोची जर्सी ओढून टराटरा फाडली. झिको ती फाटलेली जर्सी पंचाला दाखवत होता. पेनल्टी मिळाली नाही. ब्राझील ३-२ हरलं आणि घरी गेलं. त्याहून मोठा पुरावा कुठली कंपनी शिवून देणार?


पेठेतला_कोल्हापुरी · मंगळवार, रात्री ११.२०

काका, दोन बोटांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या कमरेला किती वर्षं ती बोटं होती ते आज कळलं.

मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या मॅच बघत मोठा झालो, आता नोकरीसाठी पुण्यात. आमच्याकडे तालमी आणि पेठांच्या टीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, मॅच असली की गाव लोटतं. तिथं एक गोष्ट शिकलो ती सांगतो. तालमीत पैलवान लांग कसून बांधतो आणि बाकी अंग उघडं ठेवतो, का? तर समोरच्याला पकडायला अंगच मिळावं, कापड नको. कबड्डीत बघा, चढाईवाल्याला हातापायाला नि धडाला धरायचं. केसाला नि कपड्याला धरलं तर तो धरणाऱ्याचा गुन्हा. मॅटवरच्या कुस्तीतसुद्धा पैलवानाच्या अंगातल्या पोशाखाची पकड चालत नाही. म्हणजे ज्या खेळात माणसाला धरणं हाच खेळ आहे, तिथंही कपडा धरणं बाद आहे. आणि फुटबॉलमध्ये, जिथं धरायचंच नाही, तिथं मात्र आपण 'थोडं चालतंय की' म्हणतो. हे माझ्या डोक्यात बसत नाही.


सहकारनगरची_आई · बुधवार, सकाळी १०.१०

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, दोन वर्षं फुटबॉल खेळतेय. सगळे प्रतिसाद वाचले आणि एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही.

घट्ट जर्सी, अंगासरशी जर्सी, चिकटणारी जर्सी, हे सगळं तुम्ही मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून बोलताय. या वयातल्या मुलींना अंगाला चिकटणारा कपडा घालून मैदानाच्या मधोमध उभं करा आणि कडेला कोण कोण येऊन उभं राहतं ते बघा. आमच्या टीममधल्या दोघी जणी याच कारणाने खेळ सोडायच्या बेतात होत्या. त्यांना ढगळ जर्सी दिल्यावर थांबल्या. माझ्या मुलीला मोकळा कपडा हवा असतो, तेवढा मिळाला की ती बाकी सगळं विसरून खेळते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी तीनच्या मॅचला ते घट्ट लायक्रा घालून खेळणं काय असतं, तेही एकदा बघा.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ओढणारा दुसरा, आणि कपडे बदलायचे हिने. हे आम्हाला फुटबॉलच्या बाहेरही आयुष्यभर ऐकावं लागतं. निदान मैदानावर तरी नको.


उजवी_कड · बुधवार, दुपारी २.००

ताई, तुमचं म्हणणं लागलं, आणि पटलं. मी मुलींचा विचार केलाच नव्हता. आमच्याकडे सकाळच्या बॅचला सहा मुली आहेत आणि त्यांच्याही जर्सी याच ऑर्डरमध्ये घ्यायच्या आहेत. घट्ट जर्सी मी यादीतून काढून टाकतो.

मग प्रश्न असा उरतो: मोकळी जर्सी ठेवून ओढणं दिसेल असं काही करता येईल का?


ओहायोतून_पुणेकर · बुधवार, संध्याकाळी ६.४५

एक वेगळा रस्ता इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये होऊन गेलाय. तिथे धावणाऱ्याला कपड्याला धरून पाडणं चालतं, म्हणून ओढल्यावर सरळ फाटून हातात येईल अशा पातळ जर्सी निघाल्या. क्लीव्हलँडचा ग्रेग प्रुइट त्यासाठी प्रसिद्ध होता. पकडणाऱ्याच्या हातात चिंधी, हा पुढे. एनएफएलने १९७९ ला अशा जर्सींवर बंदी घातली. फाटली की खेळाडू बदलायला जाणार, पुन्हा फाटणार, पुन्हा जाणार. तुमच्या मुलाच्या आईला हा उपाय अर्थातच परवडणार नाही, पण 'फाटू दे' हा मार्ग कोणीतरी चालून बघितला होता, एवढं सांगायचं होतं.


इटालियाप्रेमी · बुधवार, रात्री ९.३०

कोल्हापूरकरांच्या 'थोडं चालतंय' वर. ११ जुलै २०२१, वेम्बली, युरोची फायनल. नव्वद मिनिटं संपून इंजुरी टाइम चालू, १-१. इंग्लंडचा साका कडेने इटलीच्या किएलिनीला चकवून निघाला आणि किएलिनीने मागून त्याची कॉलर धरून त्याला खाली खेचलं. जगाने पाहिलं, पंचाने पाहिलं, लपवायचा प्रयत्नही नव्हता. यलो. इटली पेनल्ट्यांवर ३-२ जिंकली. मी इटलीचा आहे, त्या रात्री नाचलो. पण ते दृश्य मला आवडत नाही. त्या कॉलरपेक्षा ताणलेली जर्सी कुठली असणार? दिसलं, शिक्षाही झाली, आणि तरी सौदा फायद्याचाच ठरला.


शिट्टी · बुधवार, रात्री १०.४०

ते यलोच होतं. साका मैदानाच्या मध्याजवळ कडेला होता, गोलची स्पष्ट संधी म्हणता येत नाही, चांगली चाल थांबवली एवढंच. नियमाप्रमाणे बरोबर. शिक्षा पुरेशी आहे का, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते नाही.

पण पंचांनी ठरवलं तर फरक पडतो हेही पाहिलंय. ऑगस्ट २०१६ ला प्रीमियर लीगमध्ये कॉर्नरच्या वेळची धराधरी कडक बघायची असं ठरलं. २० ऑगस्टला स्टोक-मँचेस्टर सिटी मॅचमध्ये माइक डीन यांनी दोन्ही बाजूंना एकेक पेनल्टी दिली, दोन्ही धरल्याबद्दल. २०१८ च्या वर्ल्ड कपला व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच) आलं आणि स्पर्धेत २९ पेनल्ट्या दिल्या गेल्या, तेव्हाचा विक्रम. ट्युनिशियाच्या बॅकनी इंग्लंडच्या केनला कॉर्नरला कवटाळून पाडलं त्याला काही मिळालं नव्हतं. सहा दिवसांनी पनामाने तेच केलं तेव्हा पेनल्टी मिळाली. २०२२ ला सौदीविरुद्ध अर्जेंटिनाच्या पारेदेसला धरलं म्हणून मेस्सीला दहाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, तीही व्हीएआरने पाहून. या सगळ्यात केनची किंवा पारेदेसची जर्सी काही खास नव्हती. कोणीतरी बघत होतं, एवढाच फरक.

आमच्या मैदानावर व्हीएआर येणार नाही. तिथे माझे दोन डोळे. तेव्हा सुईदोरा, प्रश्न तुम्हालाच: माझ्या डोळ्यांना मदत करेल असं काही शिवता येतं का? धरणाऱ्याचा हात घसरावा म्हणून नको. मला दिसावं म्हणून.


सुईदोरा · गुरुवार, दुपारी १.१५

साहेब, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. सकाळी युनिटवर येऊन एक गोष्ट करून बघितली.

एक गडद निळी एकरंगी जर्सी आणि एक आडव्या पट्ट्यांची, पांढरी-निळी, एकाच कापडाची, एकाच मापाची. दोन पोरांना घातल्या, मागून काठ धरायला लावला आणि मी शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. निळीवर काही कळत नाही. कापड ताणलंय की सुरकुती पडलीय, सगळं एकच. पट्ट्यांच्या जर्सीवर मात्र पट्टी मोडते. सरळ जाणारी रेघ एका बाजूला खेचली जाते आणि बाणाच्या टोकासारखा कोन होतो, आणि ते टोक थेट धरणाऱ्या हाताकडे दाखवतं. डोळ्याला सरळ रेघ मोडलेली लगेच खुपते. आम्ही शिवणारे लोक तर याच गोष्टीवर पोट भरतो. पट्टी जुळली नाही की गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं.

यात कापड बदलायला नको, माप घट्ट करायला नको, सब्लिमेशनमध्ये पट्टे छापायला जास्तीचा खर्च नाही. उभे पट्टे नकोत, खालून ओढलं की उभे पट्टे फारसे मोडत नाहीत. आडवेच हवेत, आणि रंगांत फरक भरपूर हवा.


पेठेतला_कोल्हापुरी · गुरुवार, दुपारी १.५०

स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांसारखी! पण पाठीवरचा नंबर पट्ट्यांत हरवतो, त्याचं बघा. सेल्टिकने अनेक दशकं नंबर पाठीवर न घालता शॉर्ट्सवर घातला होता.


सुईदोरा · गुरुवार, दुपारी २.२०

पाठीच्या वरच्या भागात एकरंगी चौकोन ठेवतो, नंबर तिथे. पट्टे छातीखालून काठापर्यंत आणि बाह्यांवर. काकांची दोन बोटं जिथे जातात, तिथेच पट्टे हवेत.


शिट्टी · गुरुवार, रात्री ९.००

हे मला खरोखर उपयोगी पडेल. मी कधी असा विचार केला नव्हता, पण आठवून पाहिलं तर ज्या टीमच्या जर्सीवर आडवा पट्टा असतो तिचे धरल्याचे फाउल मी जास्त सहज देतो असं वाटतं. एक सुचवू? काठ फार लांब ठेवू नका. शॉर्ट्समध्ये खोचता येईल इतकाच.


सहकारनगरची_आई · गुरुवार, रात्री ९.३०

हे आवडलं. मुलींची जर्सी मोकळी राहते आणि हात कोणाचा आहे ते सगळ्यांना दिसतं. माझ्या मुलीला दाखवलं, ती म्हणाली पट्टे पिवळे हवेत.


उजवी_कड · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.३०

उशीर झाला, पण सांगायला आलोय. सुईदोरांनी अठराऐवजी चोवीस जर्सी केल्या, सहा मुलींच्या धरून. गडद निळ्यावर पिवळे आडवे पट्टे, पाठीवर एकरंगी चौकोन, बगलेत कळी, फ्लॅटलॉक, काठ आखूड. मुलींच्या थोड्या मोकळ्या, मुलांच्या मापाच्या, एक माप मोठ्या नाहीत. आमच्या त्या मुलाच्या आईला मी स्वतः जाऊन शिवण दाखवली. फाटली तर मी देईन, त्याला पळू द्या, एवढं बोलून आलो.

आज सकाळी पहिली मॅच झाली. दहाव्या-बाराव्या मिनिटाला समोरच्या बॅकने आमच्या मुलाचा काठ धरला आणि मला अर्ध्या मैदानावरून पट्टा मोडलेला दिसला. पंचांनाही दिसला, शिट्टी वाजली. दुसऱ्या हाफमध्ये दोनदा मला दिसलं, पण पंच दुसऱ्या बाजूला होते, मिळालं नाही. पोरगं मात्र थांबलं नाही, धरल्यावरही पाय मारत राहिलं. एकदा तर त्या बॅकलाच दोन पावलं ओढत नेलं.

पण मला सर्वांत जास्त लिहायचंय ते पुढचं. समोरची टीम एकरंगी लाल जर्सीत होती. दुसऱ्या हाफच्या शेवटी आम्ही १-० ने पुढे असताना कॉर्नर आला, आणि मी आमच्याच स्टॉपरची दोन बोटं त्यांच्या मुलाच्या काठात पाहिली. अगदी काकांनी लिहिलं तशी. लाल जर्सीवर काही दिसत नव्हतं. पंचांना दिसलं नाही. मला दिसलं, कारण तीन आठवडे मी फक्त तेच बघतोय.

मी त्याला बाहेर घेतलं. कॉर्नर संपल्यासंपल्या. त्याच्या वडिलांना राग आला, आणि दोन मिनिटांनी आम्ही गोल खाल्ला. मॅच १-१. मुलगा बाकावर बसून रडत होता. मी त्याला विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाला, कोणी नाही, सगळे करतात. त्याला काय सांगायचं ते मला तिथल्या तिथे सुचलं नाही. पुढच्या मॅचला तो खेळणार आहे, पण धरल्याशिवाय कॉर्नर कसा खेळायचा हे त्याला माझ्याकडून शिकायला हवं, आणि मी स्वतः आयुष्यभर विंगर खेळलो, मला ते नीट येत नाही.


जुना_स्टॉपर · रविवार, दुपारी ४.१०

सर, ते मला येतं. शेवटची चार वर्षं मी न धरता खेळलो, गुडघा गेल्यावर पंचांच्या नजरेत राहणं परवडत नव्हतं म्हणून का होईना. समोरच्याच्या अर्धं पाऊल पुढे, अंग तिरपं, पुढचा हात वाकवून स्वतःच्या छातीजवळ, नजर बॉलवर पण खांदा त्याच्या खांद्याला लावलेला. तो हलला की खांद्याला कळतं, बोटांची गरज लागत नाही. लिहून कळणार नाही, उभं राहून दाखवावं लागेल.

मैदान कुठलं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. शनिवारी साडेसहाला येतो. त्या मुलाला सांगा, लवकर ये, आणि बॉल दोन तरी आण.